मोठे टायर घेण्याआधी लोड इंडेक्स बघा

जुन्या कॅम्पर व्हॅनचे २१५/७५ आर १५ मापाचे टायर काढून थोडे मोठे २३५/७५ आर १५ घालावेत का, यावर इथे सगळे दिसण्याबद्दलच बोलताहेत. आधी टायरच्या बाजूवरचा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, वाचा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२०. पलंग, भरलेली पाण्याची टाकी, बॅटऱ्या, सगळं आत ठेवून इंदूरातल्या एखाद्या वजनकाट्यावर मागचा ॲक्सल (मागच्या चाकांवरचा भार) वेगळा तोलून घ्या, म्हणजे तो भार टायरला पेलेल का ते कळेल. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

व्यास ३० मिमी वाढतो, पण गाडी उचलली जाते जेमतेम १५. शिवाय स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा ४ टक्के कमी दाखवू लागेल, आणि इंदूरजवळचा भेरूघाट चढताना जुनं इंजिन लवकर दमेल. स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का, तेही भरल्या गाडीतच बघा.