राजापूर रोडला उतरावं की रत्नागिरीला?

डोंबिवलीची सून:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना गणपतीत आडिवऱ्याला न्यायचं आहे. वय ऐंशीच्या घरात, गुडघे कुरकुरतात. आजवर आम्ही गाडी करून जायचो, यंदा कोकण रेल्वेने जावं म्हणतोय. राजापूर रोडचं तिकीट काढणार होते, तर शेजारचे म्हणाले, अहो ते स्टेशन राजापुरात नाहीच, पार डोंगराकडे आहे. तालुक्याचं गाव सोडून स्टेशन तिकडे का नेलं? आणि कुठली गाडी बरी पडेल?

जुना यष्टीवाला:
सूनबाई, मी राजापूर तालुक्यातलाच, उभी नोकरी यष्टीच्या स्टिअरिंगवर गेली. 'का'चं आधी सांगतो, कारण हे आमच्याकडे अजून पारावर भांडणाचं निमित्त आहे.

आपल्या नद्या सह्याद्रीत उगम पावतात आणि थेट पश्चिमेला खाडीत शिरतात. रूळ जायचे दक्षिणोत्तर, म्हणजे प्रत्येक नदी आडवी आलीच. समुद्राकडून लाइन न्यावी तर खाडीचं पात्र रुंद, खाली चिखल, पूल लांबच लांब. वर सरकावं तर पूल आखूड, पण डोंगर फोडा. शेवटी डोंगर फोडले, नव्वदच्या वर बोगदे झाले. त्यात लाइन आखली वेगासाठी: चढ १५० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, वळणाची त्रिज्या १२५० मीटरच्या आत नको. आता राजापूर डोळ्यांपुढे आणा. अर्जुना आणि कोदवली यांच्या काठी, खोलात. पाऊस लागला की जवाहर चौकात पाणी. यष्टी फर्स्ट गिअर टाकून खाली उतरते आणि चढते, आगगाडीला ते कसं जमावं? पुढाऱ्यांनी स्टेशन पळवलं असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या नि सोडून द्या.

कोकण रेल्वेची मागणी आमचे जुने खासदार बॅ. नाथ पै यांच्या काळापासूनची. १९९० साली फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, तेव्हा कुठे कोकण रेल्वे महामंडळ झालं आणि त्याचे प्रमुख श्रीधरन साहेबांनी काम हाती घेतलं. खेड ते सावंतवाडी हा पट्टा डिसेंबर १९९६ मध्ये सुरू झाला, राजापूर रोड त्यातलंच. पेडण्याच्या बोगद्यात माती ढासळत राहिली म्हणून मुंबई ते मंगळूर सलग व्हायला १९९८ उजाडलं.

आता मुद्द्याचं. तुम्ही राजापूर रोडला उतरूच नका! आडिवरे तालुक्याने राजापूरचं, रस्त्याने रत्नागिरीचं. राजापूर रोडला उतरलात तर आधी शहरात या, मग तिथून पुन्हा पश्चिमेला जा. रत्नागिरीहून पावस, पूर्णगडचा पूल, गावखडी, कशेळी की आलंच आडिवरे. रत्नागिरीला गाड्या जास्त थांबतात, स्टेशनबाहेर रिक्षा, वडाप म्हणजे शेअर जीप मिळतात, आणि म्हाताऱ्या माणसाचं काही दुखलंखुपलं तर जिल्ह्याचं सरकारी इस्पितळ तिथेच. एकच नुकसान, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल रत्नागिरीच्या पुढे आहे, तो चुकेल. सासऱ्यांना विचारा, त्यांनी बोटीचा जमाना पाहिलेला असणार. भाऊच्या धक्क्यावर बसायचं, आपल्या मुसाकाजी बंदराला छोट्या पडावात उतरायचं. त्यांना राजापूर रोडचं कौतुक सांगू नका, ते मुसाकाजीच सांगतील.

वैभववाडीचा:
काकांना दुजोरा. गाडीबद्दल माझे दोन शब्द. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बारा वाजून गेल्यावर सुटते, त्यामुळे शुक्रवारी रात्री घरातून निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. दरवर्षी कुणीतरी एक दिवस उशिरा स्टेशनवर येतं आणि टीसीशी भांडतं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही. ज्येष्ठांची तिकीट-सवलत २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा आहे, पण तो ज्येष्ठ एकटे किंवा दोघेच तिकिटावर असतील तेव्हाच. सगळं कुटुंब एका तिकिटात घातलंत तर मिळेल ते मिळेल.

आणि गणपती पावसाळी वेळापत्रकात येतात. गाडी रखडली म्हणून कावू नका. जून २००३ मध्ये आमच्या वैभववाडीजवळ दरड आडवी येऊन गाडी घसरली, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर डोंगर कापून केलेल्या कटिंगचे उतार कमी केले, जाळ्या मारल्या. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात, धो धो पावसात तर ताशी ४० किलोमीटरवर आणतात. पहारेकरी रात्रभर छत्री-कंदील घेऊन रुळावर फिरतात. तासभर उशीर झाला तर मी मुकाट चहा पितो.

डोंबिवलीची सून:
खूप आभार काका, दादा. मग मांडवी एक्सप्रेसच बरी का? ठाण्याला चढू, दुपारी रत्नागिरी. सासऱ्यांना विचारलं, त्यांनी खरंच मुसाकाजीच काढलं, नि वर म्हणाले बोटीत उलटी झाली तरी मजा होती.

जुना यष्टीवाला:
मांडवीच. दिवसाउजेडी पोचाल, आणि खाण्याच्या बाबतीत तिच्या तोडीची गाडी या लाइनवर दुसरी नाही. दिवा-सावंतवाडी तुम्हाला घराजवळची, पण गणपतीत तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. रत्नागिरीत उतरलात की आडिवऱ्याची यष्टी शोधत बसू नका, सामान जास्त असणार, सरळ रिक्षा ठरवा. भाडं मात्र बसायच्या आधी बोला.