कॉम्प्युटरचं कॅबिनेट घ्यायचंय: हवा खेळती हवी, आवाज नको (नागपूरचा उन्हाळा धरून)

वाळ्याचा पडदा

नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवाय. सविस्तर लिहितो, नाहीतर पहिले पाच प्रतिसाद "बजेट किती?" एवढेच येतील.

मी नागपूरला असतो. दिवसा घरी शाळेच्या धड्यांचं ध्वनिमुद्रण करतो, रात्री त्यांचे व्हिडिओ रेंडरला (अंतिम फाइल बनवायला) लावतो. काम, झोप आणि मुलीचा अभ्यास, सगळं एकाच खोलीत. मशीन: रायझन ७ ५७००एक्स प्रोसेसर, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर गार ठेवायला बरा म्हणावा असा टॉवर कूलर, एक एसएसडी आणि जुन्या कामांसाठी ७२०० आरपीएमची ४ टीबी हार्ड डिस्क.

कॅबिनेट तीन वर्षांपूर्वी दुकानदाराने "सगळे हेच नेतात" म्हणून गळ्यात मारलेलं. समोर अख्खी काच, तिच्यामागे तीन रंगीत पंखे, आणि हवा घ्यायला दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर फट. रात्री आकाशकंदिलासारखं दिसतं, ते सोडा.

रेकॉर्डिंगच्या वेळी पाण्याचा कूलर आणि छताचा पंखा दोन्ही बंद ठेवावे लागतात. एप्रिल-मेमध्ये वीस मिनिटांत खोलीची भट्टी होते आणि धडा अर्ध्यावर असताना कॉम्प्युटरचे पंखे चढतात. ट्रॅकमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं. रात्री रेंडरला लावलं की मुलगी झोपेतून उठून म्हणते, "बाबा, विमान उतरवा."

फोम लावलेलं बंद 'सायलेंट' कॅबिनेट घेऊ की जाळीचं? बजेट साडेसात हजार, पटवून दिलंत तर दहा.

टेबलाखालचा

जाळीचं घ्या. नागपुरात फोमवालं घेणं म्हणजे मेमध्ये स्वेटर.

कारण सांगतो. पंख्याच्या फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो. म्हणजे थोडी हवा सोडली तर खूप शांतता पदरात पडते. ही सवलत घ्यायची तर हवेला आत यायला मोकळी वाट पाहिजे. बंद तोंडाच्या पेटीत तेवढीच हवा ओढायला पंख्यांना जास्त पळावं लागतं, आणि पळणाऱ्या पंख्यांचा आवाज दाबायला मग फोम लावायचा. आधी नाक दाबायचं आणि मग घोरतो म्हणून उशी द्यायची, असला प्रकार.

पंखे मोठे बघा. १४० मिमीचा पंखा मिनिटाला ७०० फेऱ्यांत जेवढी हवा ढकलतो, तेवढ्यासाठी १२० मिमीच्याला हजाराच्या वर जावं लागतं.

अजून एक. यूट्यूबवरच्या परदेशी चाचण्या बहुतेक २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. तुमची खोली ३८ ची झाली की आतला प्रत्येक आकडा साधारण तेवढ्याच फरकाने वर सरकतो. तिकडे ७० वर शांत बसलेलं मशीन तुमच्याकडे ८६ वर बोंबलत असेल, कॅबिनेट तेच असूनही.

उलटा स्क्रू

थांबा हो, पैसे नंतर खर्च करा. आधी कॅबिनेटचा गुन्हा सिद्ध होऊ द्या.

रेंडर लावा, वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) आणि ग्राफिक्स कार्डचं तापमान आणि पंख्यांच्या फेऱ्या लिहून ठेवा. मग समोरची काच काढा आणि तोच रेंडर तेवढाच वेळ पुन्हा चालवा. खोलीचं तापमान दोन्ही वेळी सारखं पाहिजे, नाहीतर दुपारची तुलना रात्रीशी कराल. सात-आठ अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट दोषी. एक-दोनच पडला तर ते निर्दोष आणि प्रोसेसरवरच्या कूलरची पेस्ट सुकलेली, किंवा त्याच्या फिन्समध्ये (पातळ पट्ट्यांमध्ये) धुळीचं ब्लँकेट.

आणि एक बारीक प्रश्न. नुसता आवाज रेकॉर्ड करताना त्या प्रोसेसरवर लोड कितीसा असतो? मग पंखे चढतात कशाला? मला बायॉसमधल्या (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधल्या) फॅन कर्व्हचा, म्हणजे किती तापमानाला पंखा किती पळवायचा त्या आलेखाचा, संशय आहे.

ढणढण

भाऊ, पाण्याच्या कूलरच्या झोतात तर नाही ना ठेवून राहिले मशीन? आमच्याकडे मोठ्या भावाने ठेवलं होतं. गार हवा थेट लागते म्हणून खूश होता बिचारा. कूलरची हवा ओली, तिच्यात धूळ मिसळली की आत चिखलाचा लेप. ब्रशनेसुद्धा निघत नाही.

जाळीचं घेतलं तर पुढे काढून धुता येईल असा फिल्टर पाहिजेच. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवा, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, जी येते ती फिल्टरमधूनच. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी फिल्टर धुवायचा, पूर्ण वाळवायचा. अन् जाळीवर वरून मच्छरदाणीचं कापड लावू नका, मी लावून बघितलं. हवाच जात नाही.

वाळ्याचा पडदा

उलटा स्क्रू, चाचणी केली. खोली ३६ अंश.

काच लावून: सीपीयू ८६, ग्राफिक्स ८१, पुढचे पंखे १५०० च्या आसपास.
काच काढून: सीपीयू ७७, ग्राफिक्स ७४, आणि पंखे आपोआप ११०० वर उतरले.

बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "बंद केलंस का?" म्हणजे फरक कानालाही कळतोय.

ढणढण, कूलरपासून लांब आहे, पण भिंतीला चिकटून. मागे चार बोटं जागा असेल.

टेबलाखालचा

नऊ अंश! खटला संपला. मागे निदान वीतभर जागा सोडा, गरम हवा भिंतीवर आपटून परत आत येते.

काजूबी

एकतर्फी चाललंय म्हणून विरोधी पक्षातर्फे लिहितो. मी मालवणला फ्रॅक्टलचं डिफाइन ७ वापरतो. आत जाड फोम, पुढे दार, तीन १४० मिमीचे पंखे. सुखी आहे. पण माझ्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही आणि आत चार हार्ड डिस्क आहेत. माझा आवाज पंख्यांचा नव्हताच, डिस्कच्या खरखरीचा होता, आणि असले बारीक, चिरके आवाज फोम बऱ्यापैकी अडवतो. काही ग्राफिक्स कार्डांची कॉइल (तारेचं वेटोळं) लोडखाली चिरचिरते, तीही त्याच जातीची. पंखे हळू करून ती जात नाही, आणि जाळीतून थेट कानावर येते. तुमचं कार्ड चिरचिरतं का ते रात्री शांततेत ऐका, आणि मग ठरवा.

मधला मार्ग हवा असेल तर बी क्वाएटच्या सायलेंट बेस ८०२ सोबत पुढच्या आणि वरच्या झाकणांचे दोन संच येतात, एक बंद, एक जाळीचा. उन्हाळ्यात जाळी, थंडीत बंद. तुमच्या बजेटबाहेर असेल बहुधा.

उलटा स्क्रू

काजूबींशी सहमत, फक्त धागाकर्त्याचा लोड वेगळा आहे. ३०६० एकटं १७० वॉट ओकतं. ती उष्णता दाराआडून काढायची म्हणजे कठीण.

आता रेकॉर्डिंगपुरतं. ५७००एक्सला ९० अंशांपर्यंत मुभा आहे, त्यामुळे ७५ ला पंख्यांनी घाबरायचं काही कारण नाही. बायॉसमध्ये ६५ अंशांपर्यंत कर्व्ह सपाट ठेवा, ६०० ते ७०० फेऱ्या. त्यापुढे हळूहळू चढू द्या. 'स्टेप अप टाइम' किंवा तत्सम सेटिंग असेल तर ते वाढवा. ब्राउझरचा टॅब उघडला की प्रोसेसर क्षणभर दहा अंश उडी मारतो आणि पंखे लगेच धावत सुटतात, ते थांबतं. एकसुरी घरघर कान विसरतो. चढउतार विसरत नाही.

पुढचे पंखे सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डच्या तापमानाला बांधा. 'फॅन कंट्रोल' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात होतं. रेंडरच्या वेळी कार्डची पॉवर लिमिट (वीज खाण्याची मर्यादा) ८० टक्क्यांवर आणा. वेगात फारसा फरक पडत नाही, उष्णता मात्र दिसण्याइतकी कमी होते.

आणि ती हार्ड डिस्क! ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झची गुणगुण. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर नेमका त्याच भागात असतो. तुम्ही रेकॉर्डिंगमधलं ८० हर्ट्झखालचं सगळं कापलंत तरी ही शिल्लक राहणार, आणि ती कापायला गेलात तर तुमचाच आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होईल. डिस्क बाहेरच्या केसमध्ये काढा आणि रेकॉर्डिंगच्या वेळी तिची केबलच उपटा.

टेबलाखालचा

डिस्कचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. +१

मॉडेलं सांगतो. लिआन लीचं लॅनकूल २१६: पुढे दोन १६० मिमीचे पंखे, मागे एक १४०. एवढे मोठे पंखे असल्याने सावकाश फिरवूनही भागतं, वेगळे पंखे घ्यावे लागत नाहीत. अंगाने रुंद आहे, टेबलाखाली मावतं का ते टेप लावून बघा. डीपकूलचं सीएच५६०: पुढे तीन १४०, मागे एक १२०. तुमच्यासाठी मी याच दोघांत निवडेन. फ्रॅक्टल नॉर्थ घरात शोभतं, पुढे लाकडी पट्ट्या आणि दोन १४०, पण तुम्ही त्या पट्ट्यांचेच पैसे मोजाल. कोर्सेअर ४०००डी एअरफ्लो चांगलं, फक्त सोबत १२० चे दोनच पंखे.

खोक्यावर लिहिलेल्या डेसिबलवर जाऊ नका. प्रत्येक कंपनी आपल्या पद्धतीने मोजते. मोबाइलमधलं डेसिबल ॲपही एवढ्या हळू आवाजाला आंधळं असतं. पंख्यांची पिन मात्र बघा. चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवण्याच्या पद्धतीवर) खूप खालपर्यंत हळू करता येतो. तीन पिनांचा व्होल्टेजवर चालतो, मदरबोर्ड ते जमवतात, पण बायॉसमध्ये 'डीसी' निवडायला विसरलात तर तो कायम फुल स्पीडवर.

ढणढण

मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवर भाव विचारून घ्या. अन् ऑनलाइन मागवलं तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा, बाजूची काच वाटेत फुटते.

काजूबी

एक बिनपैशाचा उपाय राहिला. मायक्रोफोन कार्डिऑइड असेल तर तो पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो. त्याची पाठ कॉम्प्युटरकडे करा. आणि कॅबिनेट टेबलावर नको, माइकचा स्टँड त्याच टेबलावर असेल तर थरथर लाकडातून चढते.

वाळ्याचा पडदा

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. मध्ये शाळेचं काम आलं.

सीएच५६० घेतलं. बजेट थोडं ओलांडलं, घरी आकडा सांगितलेला नाही. खोली ३९ असताना रेंडरला सीपीयू ७६, ग्राफिक्स ७२, पुढचे पंखे ८०० वर. पॉवर लिमिट ८० टक्के. रेंडरला पूर्वी ४० मिनिटं लागायची, आता ४२.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त फरक पडला तो डिस्क काढल्याने आणि माइकची पाठ फिरवल्याने, आणि तेही नवीन कॅबिनेट यायच्या आधीच. रात्रीची शांतता मात्र कॅबिनेटची. काजूबी, कार्ड चिरचिरतं, तुम्ही म्हणालात तसंच. जाळीतून येतं. पॉवर लिमिट लावल्यावर कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. मुलीच्या झोपेला चालतंय.

एक शंका राहिलीय. मागचा १२० चा पंखा ९०० च्या आसपास गेला की कॅबिनेटचा पत्रा घुमतो, ८०० ला नाही, १००० लाही नाही. स्क्रू घट्ट केले. काय करावं?

उलटा स्क्रू

तो आकडा पत्र्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळतोय. कर्व्हमध्ये ८५० ते ९५० हा पट्टा गाळा, ८०० वरून सरळ १००० वर उडी मारू द्या. नाहीच जमलं तर स्क्रूऐवजी रबरी पिना. जुनं कॅबिनेट विकणार का?

वाळ्याचा पडदा

आज रात्री करतो. जुनं घेऊन जा, पण समोरच्या काचेशिवाय. ती आईने गच्चीवर नेलीय, तिच्यावर पापड वाळतायत.