दोर्दोन्य नदीकाठाने रोड बाईकवर ८ दिवस, माझा प्लॅन जास्त होतोय का?

गोदाकाठ_सायकल:
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा, दोघं नाशिकचे. पुढच्या जूनमध्ये फ्रान्सला जायचंय, फक्त सायकलिंगसाठी, पॅरिसचा टॉवर वगैरे एका दिवसात उरकणार. माझ्या २०० आणि ३०० किमीच्या बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड) झाल्यात, नवऱ्याला सलग ७०-८० जमतात, त्यापुढे गुडघा बोलायला लागतो. लहानपणापासून नदीकाठीच वाढले म्हणून असेल, पण नदीच्या कडेकडेने दिवसच्या दिवस जायचं आणि वाटेत जुनी दगडी गावं बघायची हे कित्येक वर्षं डोक्यात आहे. खूप वाचून दोर्दोन्यचं खोरं नक्की केलंय. प्लॅन असा: बोर्दोहून निघायचं, बर्जराक, लिमय, सार्ला करत वर रोकामादूरपर्यंत आणि मग फिरून परत, रोज ९०-११० किमी, रोज नवीन हॉटेल, सामान सायकलवर. मॅपवर चढ फार दिसत नाहीत, नदीच आहे ना शेवटी. हे जमेल का? सायकली न्यायच्या की तिथे भाड्याने घ्यायच्या? आणि आम्ही दोघं शाकाहारी आहोत, अंडं चालतं. काय खायचं तेही सांगा प्लीज.

गारोनकाठचा:
ताई, मी गेली ९ वर्षं तुलूझला आहे. दोर्दोन्यला दरवर्षी एकदा तरी सायकल घेऊन जातो, तेव्हा मनापासून लिहितो. अंतर निम्मं करा. तुमचे पाय कमी पडतील म्हणून नाही म्हणत, ३०० केलेल्या माणसाला ११० काय. पण ते खोरं असं आहे की नदी खाली आणि गाव वर. दोम गाव घ्या, नदीपासून साधारण दीडशे मीटर उंच कड्यावर वसलंय, सेनाकहून वर जाणारा रस्ता छोटा पण चांगलाच चढा आहे. बेनाकचा किल्लाही तसाच, नदीकाठच्या रस्त्यावरून मान वर करून बघावा लागतो आणि वर जाणाऱ्या दगडी गल्लीत सायकल हातात धरूनच चालावं लागतं. रोज ११० चा आकडा डोक्यात असला ना की तुम्ही ही गावं खालून बघून पुढे निघून जाल, आणि मग तिथे जाऊन काय बघितलं? नदीच्या कडेचा डांबरी रस्ता.

माझं ऐका, सार्लामध्ये ४ रात्री मुक्काम टाका, मग २-३ रात्री वेझेर नदीवर लेझेझीला. बोर्दोहून सार्लापर्यंत लोकल ट्रेन जाते, बर्जराकवरूनच, त्यात सायकल तशीच चढवता येते (सीझनमध्ये काही गाड्यांना सायकलचं आधी बुकिंग लागतं, ते बघून घ्या). म्हणजे सुरुवातीचा सपाट, गाड्यांचा पट्टा वाचतो.

सार्लाहून माझी आवडती राईड: आधी बेनाक, मग कास्तेलनोच्या पुलावरून नदी ओलांडून डाव्या काठाला लागायचं. हे महत्त्वाचं आहे कारण उजव्या काठाचा डी ७०३ रस्ता बेनाक ते ला रोक-गाजाक कडा आणि पाणी यांच्यात चेपलेला आहे, उन्हाळ्यात कॅम्पर व्हॅनची रांग लागते. जूनच्या सुरुवातीला त्रास कमी, जुलै-ऑगस्टमध्ये मी तिथे सायकल घालतच नाही. पलीकडचा डी ५३ मात्र शांत, मिलांदच्या वाड्यापर्यंत जातो. हा वाडा जोसेफिन बेकर या प्रसिद्ध गायिका-नर्तकीचा, १९४७ ला तिने विकत घेतला, १२ मुलं दत्तक घेऊन इथे वाढवली आणि १९६० च्या दशकाच्या शेवटी कर्जापायी तो हातचा गेला. २०२१ ला तिला पॅरिसच्या पँथिऑनमध्ये (फ्रान्समधल्या थोर व्यक्तींचं स्मारक) मान मिळाला. तिथून मागे वळून सेनाक, मग वर दोम (१२८१ मध्ये राजा तिसऱ्या फिलिपने वसवलेलं तटबंदीचं गाव, वरच्या कट्ट्यावरून अख्खं खोरं दिसतं, अर्धा तास नुसतं बसा), मग उतरून ग्रोलेजाक आणि तिथून जुन्या रेल्वेमार्गाचा सायकल ट्रॅक केलाय तो थेट सार्लाला. सगळं मिळून साधारण ६० किमी. ऐकायला कमी वाटतं, पण संध्याकाळचे ७ होतात बघा.

आणि हो, कास्तेलनो आणि बेनाक नदीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे आहेत, शंभर वर्षांच्या युद्धात एक इंग्रजांकडे आणि एक फ्रेंचांकडे. मिलांदहून परत येताना वळणावर दोन्ही एकदम दिसतात, तिथे मी दरवेळी थांबतो. आपल्याकडे खिंडीच्या तोंडाशी जोडकिल्ले असतात तसं वाटतं, फक्त हे एकमेकांवर नजर ठेवायला.

चढउतार:
वरच्या दादांशी बहुतेक सहमत, तरी एक वेगळं सुचवते. मिस्टरांचा गुडघा खरंच त्रास देत असेल तर लुआर नदीचा विचार करा. मी आणि बहीण २०१९ ला गेलो होतो. ल्वार आ वेलो म्हणून नेव्हेरजवळून थेट अटलांटिकपर्यंत साधारण ९०० किमीचा पाट्या लावलेला मार्ग आहे, बहुतेक सपाट, ब्ल्वा ते सोम्युर एवढा तुकडा केला तरी शोमाँ, आंब्वाझ, कांद-सँ-मार्तां होतात, आणि कांदला व्हिएन नदी लुआरला मिळते तिथे आम्ही दोघी दोन तास पाय पाण्यात सोडून बसलो होतो. नदी दिवसभर शेजारी राहते हे खरं सुख तिथे मिळतं. दोर्दोन्यला नदी सारखी लपते, दिसते, परत लपते.

सायकलीचं म्हणाल तर मी नेली होती, आणि पोचल्यावर बॉक्स उघडला तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकलेला. एक अख्खा दिवस दुकान शोधण्यात गेला. स्वतःची नेणार असाल तर डिरेलर काढून, चिंधीत गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा आणि एक जादा हँगर बरोबर ठेवाच, तो प्रत्येक फ्रेमला वेगळा असतो, तिथे पटकन मिळत नाही.

किलोमीटर_मोजणारा:
मी पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस केलंय २०२३ ला, १२०० किमी, ९० तासांची मुदत. ते वेगळंच जग आहे, रात्री २ वाजता गावातली म्हातारी माणसं घराबाहेर टेबल मांडून कॉफी देत होती आणि पैसे घ्यायला तयार नव्हती, ते आठवलं की अजून भरून येतं. पण सांगायचं हे की एवढं अंतर तोडून मला एकही गाव नीट आठवत नाही. म्हणून परतीच्या विमानाआधी ३ दिवस काढून दोर्दोन्यला गेलो, भाड्याच्या सायकलवर. ताई, तुम्ही बीआरएमवाल्या आहात म्हणून मुद्दाम लिहितोय, आपल्याला कंट्रोल टू कंट्रोल (एका तपासणी नाक्यावरून पुढच्या नाक्यावर) पळायची सवय लागते, ती इथे सोडायची.

भाड्याची घेणार असाल तर एक गोष्ट जपा: ब्रेक. आपल्याकडे बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, तिकडे डाव्या. पहिल्याच उतारावर मी सवयीने डावा जोरात दाबला आणि मागचं चाक उचललं गेलं, पडलो नाही हे नशीब. दुकानातून निघायच्या आधी बदलून मागा, किंवा रिकाम्या पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं सराव करा. दुसरं, गाडी उजवीकडून चालवायची हे सरळ रस्त्यावर लक्षात राहतं, पण गावात थांबून, कॉफी पिऊन परत निघालं की पहिल्या मिनिटात हात आपोआप डावीकडे नेतात. आम्ही एकमेकांना ओरडून आठवण करायचो. आणि गावात जिथे काही पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, तो छोट्या गल्लीतून आला तरी.

गिअरचं विचाराल तर मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला ३२ दात हवेतच, टायर २८ मिमीचे. गावातले दगडी रस्ते २३ वर हाडं खिळखिळी करतात.

गोदाकाठ_सायकल:
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो दोम आणि त्या दोन किल्ल्यांवरच अडकलाय, म्हणतोय गुडघ्याचं मी बघतो, चढ चालत चढू. तर दोर्दोन्यच, सार्ला ४ रात्री, लेझेझी ३, रोकामादूर यावेळी सोडलं. मन जरा खट्टू झालं पण ठीक आहे. चढउतारताई, लुआर पुढच्या वेळेसाठी वहीत लिहून ठेवलंय. खाण्याचं मात्र कोणी बोललं नाही अजून.

गारोनकाठचा:
खाणं राहिलंच. तो भाग बदकाचा आहे, सरळ सांगतो, मेनूवर दहातल्या सात गोष्टींत बदक. सगळ्यात फसवा पदार्थ म्हणजे पोम सार्लादेज, दिसायला आपली लसणाची बटाट्याची भाजीच, पण ती बदकाच्या चरबीत परततात. ऑर्डर करताना 'सां व्यांद' (मांसाशिवाय) म्हटलं की लोकांना फक्त मांसाचे तुकडे नकोत असं वाटतं, म्हणून 'सां ग्रेस द कनार' (बदकाच्या चरबीशिवाय) हेही सांगा. ऑम्लेट मागवाल तेव्हाही तेच विचारा. बाकी अक्रोड तिथलं मोठं पीक, अक्रोडाचा केक आणि अक्रोड घातलेला पाव बेकरीत मिळतो, काबेकू म्हणून बकरीच्या दुधाचं छोटं चपटं चीज मिळतं, ते गरम करून सॅलडवर देतात. (चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध गोठवायला वापरतात तो बहुधा वासराच्या पोटातून काढलेला पदार्थ, असतं, ते तुम्हाला चालतं का हे तुमचं तुम्ही ठरवा.) सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी सकाळी, त्या दिवशी चेरी, जर्दाळू, टोमॅटो भरून घ्या आणि राईड उशिरा काढा, जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो.

जेवण १२ ते २, त्यानंतर किचन बंद म्हणजे बंद, अडीचला पोचलात तर कितीही गोड बोला उपयोग नाही. रविवारी दुपारी आणि सोमवारी छोट्या गावात बेकरीसुद्धा बंद असू शकते, त्यामुळे जर्सीच्या खिशात एक चिक्की कायम. पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा, फुलांना घालायला तिथे बहुतेक नळ असतो, फक्त 'नाँ पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) पाटी असेल तर ते पिऊ नका.

लेझेझीहून वेझेरच्या कडेने मोंतिन्याकला जाल तेव्हा सँ-लेओंला थांबा, नदीला लागून जुनं चर्च आहे. मोंतिन्याकजवळची लास्को, म्हणजे आदिमानवाच्या चित्रांची मूळ गुहा, १९६३ पासून बंद आहे, तुम्ही बघाल ती प्रतिकृती. मूळ रंगीत चित्रं बघायची असतील तर लेझेझीजवळच फाँ-द-गोमची गुहा आहे, रोज मोजक्याच लोकांना सोडतात, तेव्हा तिकीट आधी काढा आणि तो दिवस राईडमधून मोकळा ठेवा. तारखा ठरल्या की इथे टाका, शनिवार जमला तर मी तुलूझहून सायकल ट्रेनमध्ये टाकून येतो, मिलांदच्या त्या वळणापर्यंत बरोबर जाऊ.