परसातलं जुनं झाड आणि शेजारचे वाटे (अनुभव धागा, सोलापूर)

परसदार
आज लक्ष्मी मंडईत पाटीभर रायवळ आंबा दिसला. सालीवर चिकाचे काळे ओघळ, म्हणजे झोडपून पाडलेला. तो बघून परसातल्या जुन्या झाडाची उतरण आठवली आणि हा धागा काढावासा वाटला. आपल्याकडं जुन्या घरांमागं अजून आंबा, चिंच, जांभूळ, बोर, सीताफळ उभं आहे आणि फळ गल्लीत वाटायची रीतही आहे. पण वाट्यात गेलेला आंबा दुसऱ्या दिवशी देठाशी काळा निघाला तर देण्यातला आनंद निम्मा होतो. ज्याला जे नीट माहीत आहे ते लिहा.

मी उतरणीपासून सुरू करतो. पाडाचा पहिला आंबा गळला म्हणजे अख्खं झाड तयार झालं असं नाही. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून देठाच्या वर आलेत का बघा. शंका असेल तर बादलीत पाणी घ्या. फळ तळाला बसलं तर तयार, तरंगलं तर कोवळं. कोवळं फळ अढीत, म्हणजे पिकवायला काडात रचलं की, सुरकुततं, पिकत नाही. उतरवताना बोटभर देठ राहू द्या. देठ मुळातून उपटला की चीक उडतो, साल भाजते आणि तिथूनच कूज सुरू होते. सावलीत आणून देठ अर्ध्या इंचावर कापायचा आणि फळं देठाकडून खाली, पोत्यावर दोन-तीन तास ठेवायची. चीक निथळला की साध्या पाण्यानं धुऊन कोरडी करायची.

अढीला गव्हाचं काड, वर फळांचे दोनच थर, फार तर तीन. चौथा थर लावला की खालचे दबतात आणि ऊबही फार धरते. तिसऱ्या दिवशी हात घालायचा, मऊ लागेल तो बाहेर, डाग दिसेल तो लगेच वेगळा. कार्बाइडची पुडी कुणी सुचवली तर घेऊ नका, फळं पिकवायला त्यावर कायद्यानंच बंदी आहे.

बाळीवेसवाली
आंबे उतरवायचा झेला, काठीला बांधायची ती जाळी, कुठं मिळंल ओ? मंडईत विचारलं तर प्लास्टिकचा दाखवतात, दोन आंब्यात वाकतो.

वेशीवरचा
ताई, करून घ्या की. लोहाराकडनं सहा मिलीच्या सळईची आठ-नऊ इंच व्यासाची कडी. पुढच्या बाजूला इंग्रजी व्ही आकाराची खाच, तिला आतून धार. देठ त्या खाचेत अडकवून आपल्याकडं ओढला की कापला जातो. धार बाहेरून दिली तर शेजारच्या फळाला ओरखडे बसतात. जाळी सुती दोरीची, वीतभर खोल. जास्त खोल केली की फळं एकमेकांवर आपटतात. एका वेळी दोन-तीनच फळं घ्यायची, मग झेला खाली.

काठी बांबूचीच आणि वाळलेली. अॅल्युमिनियमचा पाइप हलका म्हणून लोक घेतात, पण गल्लीत विजेच्या तारा झाडातूनच गेलेल्या असतात. ओला बांबूसुद्धा नको. तारेला लागलेल्या फांदीवरचं फळ वीजवाल्यांना सांगून लाइन बंद केल्याशिवाय काढायचं नाही.

बाळीवेसवाली
धन्यवाद दादा. सळई सहा मिली, लिहून घेतलं. आज आमच्याकडं पाणी आलंय, भांडी भरून मग बाकीचं वाचते.

दुपारची_सावली
वाटे कसे करायचे याबद्दल लिहिते. सगळ्यांना एकसारखे दहा-दहा आंबे देऊन टाकणं सोपं असतं, पण त्यातले निम्मे कुणाच्या तरी घरी नासतात. अढी उघडल्यावर तीन पाट्या करा. एक आज-उद्या खायच्या फळांची, एक तीन दिवसांनी पिकणाऱ्यांची, एक अजून कडक असलेल्यांची. म्हाताऱ्या माणसांच्या घरी, एकटं राहणाऱ्याकडं आजच्या पाटीतले चारच द्यावेत आणि दोन दिवसांनी पुन्हा चार. मोठं कुटुंब असेल तर मधल्या पाटीतले. गावाला जाणाऱ्याला कडक. देताना तोंडानं सांगायचं, "हे आज खा, हे गुरुवारपर्यंत ठेवा." एवढं सांगितलं तर फळ वाया जात नाही.

प्लास्टिकच्या पिशवीत कधी देऊ नका. फळ आत घामेजतं आणि एका रात्रीत बुरशी धरतं. कागदी पिशवी, नाहीतर उघडी बुट्टी. पोपटानं, खारीनं, वटवाघळानं टोचलेलं फळ वाट्यात नाही म्हणजे नाही, चांगलं दिसत असलं तरी. शेंड्यावरची, झेला न पोचणारी फळं त्यांच्याच नावानं सोडावीत. तिथं चढण्यात हातपाय मोडण्यापलीकडं काही मिळत नाही.

आणि वटपौर्णिमेच्या वाणाला गावरान आंबा सगळ्यांना लागतो. त्याच्या पाच-सहा दिवस आधी एक छोटी अढी वेगळी लावून ठेवली की गल्लीतल्या बायकांना मंडईत धावावं लागत नाही.

मग्गमवाडा
आमच्याकडं तेलुगू घरांत वाटा पिकायच्या आधीच हवा असतो, आवकायसाठी, म्हणजे आमच्या कैरीच्या तिखट लोणच्यासाठी 😊 कैरी टणक, आंबट आणि आतली बाठ कडक झालेली पाहिजे. उतरवली त्याच दिवशी चिरायची. धुऊन एकूण एक कैरी कोरड्या फडक्यानं पुसायची, थेंबभर पाणी राहिलं तरी वर बुरशी येते. मोठ्या अडकित्त्यानं फोडी करताना प्रत्येक फोडीला बाठीचं कवच लागून राहिलं पाहिजे, नाहीतर वर्षाच्या आत फोड लिबलिबीत होते. आतली कोय आणि पातळ पापुद्रा तेवढा काढायचा.

सहा वाट्या फोडींना एक वाटी मोहरीची पूड, एक वाटी तिखट, पाऊण वाटी मीठ, दीड-दोन वाट्या तिळाचं तेल. मीठ कमी करू नका, टिकतं ते मिठावर. तिसऱ्या दिवशी हलवायचं आणि फोडींच्या वर बोटभर तेल दिसतंय का बघायचं. नसेल तर अजून घाला.

नवी_पेठ
व्वा मग्गमवाडा ताई!! आमच्या शेजारच्या अक्कांकडून कैरीच्या ताटलीत हेच परत येतं. शेंगाचटणीबरोबर ज्वारीची कडक भाकरी आणि हे, दुसरं काही लागत नाही. शेंगाचटणी कुटताना तुम्ही जिरं घालता का?

मग्गमवाडा
घालतो, पण थोडं. लसूण जास्त. आणि खलबत्त्यातच, मिक्सरमध्ये नुसतं कूट होतं, तेल सुटत नाही.

जुळेसोलापूर_७
कालच्या वादळानं आमच्याकडं सगळ्या कैऱ्या खाली 😔 दोन पोती भरल्यात. काय करावं?

दुपारची_सावली
वाईट वाटलं वाचून. वळवाचा पाऊस इथं दर साल असा एक तरी दणका देतोच. आधी निवडा. तडकलेल्या, मार लागलेल्या कैऱ्या लोणच्याला घेऊ नका, मार लागलेली जागा आत तपकिरी होते आणि बरणीभर खराब करते. त्यांचं आजच पन्हं नाहीतर गुळांबा. अखंड असतील त्या गल्लीत आजच वाटून टाका, उद्यापर्यंत मऊ पडतील. उरलेल्यांची आंबोशी करा. साल काढून पातळ काप, किलोला दोन चमचे मीठ, तासभर मुरवून पाणी निथळू द्यायचं आणि गच्चीत वाळत घालायचं. सोलापूरच्या मेमधल्या उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. मोडून आवाज आला की डब्यात. संध्याकाळी आत घ्यायला विसरू नका, रात्रीच्या वाऱ्यानं पुन्हा मऊ होतात.

परसदार
आणि झाडाखाली एकही फळ पडून राहू देऊ नका. फळमाशीची अळी सडक्या फळातून मातीत जाते, तिथं कोष करते आणि पाऊस पडला की नव्या माश्या वर येतात. आपल्याकडं उशिराच्या रायवळीत जूनमध्ये अळी निघते ती यामुळं. पडलेली फळं रोज गोळा करून दोन फूट खोल पुरा. फळमाशीचा गंधसापळा मिळतो, तो उतरणीच्या दीड महिना आधी सावलीतल्या फांदीला डोक्याच्या उंचीवर टांगा. त्यात नरमाशी सापडते. एका घरानं लावून भागत नाही, लागून असलेल्या परसांत सगळ्यांनी मिळून लावला तर फरक पडतो.

कंबर_तलाव
जांभळाबद्दल एकच सांगतो. पोरांना वर चढू देऊ नका. जांभळाची फांदी जाड दिसते पण ठिसूळ, वाकायच्या आधी मोडते. सकाळी खाली जुनी सुती साडी चारी कोपऱ्यांना बांधून ताणून धरा आणि फांदी आकडीनं हलवा. पिकलेलं तेवढंच पडतं. जमिनीवर पडलं की माती आणि मुंग्या. वाटायचं त्याच सकाळी, संध्याकाळी ते पाणी सोडायला लागतं.

बार्शीकडचा
सीताफळ कुणीच लिहिलं नाही? आमच्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याला नवनाथ कसपटे यांनी एनएमके गोल्डन हा वाण काढला, तो आता सगळीकडं गेलाय. पण परसातलं जुनं झाड बहुतेक बाळानगरी नाहीतर गावठी असतं. उन्हाळ्यात फुलं येऊन गळतात म्हणून घाबरू नका. हवा कोरडी असली की फळ धरत नाही, पावसाची ओल आली की धरतं. काढायचं कधी? खवल्यांच्या मधल्या भेगा रुंद होऊन पिवळट-पांढऱ्या दिसल्या की, म्हणजे डोळे उघडले की. त्याआधी काढलेलं दगडासारखं राहून काळं पडतं. कडक फळ फ्रिजमध्ये टाकलं तरी काळं पडतं. काढल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं, म्हणून शेजाऱ्यांना कडकच द्या. मऊ फळ पिशवीत फुटतं.

सिद्धेश्वर_गल्ली
बोरं! सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला, संक्रांतीच्या वाणाला, पोरांच्या बोरन्हाणाला बोरं लागतातच. परसातल्या बोरीला दर एप्रिल-मेमध्ये छाटलं नाही तर फळ बारीक आणि सगळं उंचावर. बोर नव्या फुटीवरच धरतं. बोर पूर्ण तांबडं व्हायची वाट बघू नका, पिवळसर झालं की काढा. तांबडं झालेलं एक-दोन दिवसांत सुरकुततं.

नवी_पेठ
डाळिंबाचं कुणी सांगेल का? आमच्या अंगणातल्या झाडाची फळं दरवर्षी तडकतात. एवढं जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेलं सोलापूरचं डाळिंब आणि घरात एक धड फळ नाही.

बार्शीकडचा
पाणी कधी देता? नळाला पाणी येतं त्या दिवशी पाइप सोडून द्यायचा आणि मग चार दिवस कोरडं, असं असेल तर तडकणारच. साल कोरडी पडून ताठरते, पाणी आलं की दाणे एकदम फुगतात. थोडं थोडं पण नेमानं द्या, बुडात पालापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन घाला. फळ काढल्यावर डाळिंब पिकत नाही, म्हणून झाडावरच बघायचं. गोल बाजू चपट्या झाल्या, बुडाचा मुकुट आत मिटला की कात्रीनं कापा. सालीवर तेलकट काळे डाग आणि मधून चीर दिसली तर तो तेल्या रोग. ती फळं वाटू नका, खतातही टाकू नका, जाळा.

जुळेसोलापूर_७
आंबोशी घातली गच्चीत 🙏 आता झाडाकडं बघितलं तर खोडातून भुसा पडतोय. झाड आजोबांच्या वेळचं आहे. घरचे म्हणतात तोडून टाकू.

वेशीवरचा
तोडू नका, भिरूड आहे, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आवरतो. भुशाच्या भोकात सायकलच्या ताराची टोकदार आकडी घालून अळी ओढून काढा किंवा आतच टोचून मारा. मग पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारून वर चिखलानं लिंपा. आठवड्यानं बघा, नवा भुसा आला तर पुन्हा. पेट्रोलला हात लावाल तेव्हा जवळ विडी-काडी नको.

पावसाआधी खोडाला जमिनीपासून तीन फूट बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा मोरचूद-चुन्याचा लेप. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्ध्या लिटर पाण्यात, 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये. दोन्ही प्लास्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको. थंड झाल्यावर एकत्र ओतून ढवळा. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी संपवा.

आणि तोडायचं ठरलंच तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, 1975चा कायदा आहे. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरचं झाड वारसा वृक्षात धरतात, आजोबांच्या वेळचं म्हणजे बहुधा त्यात येईल.

जुळेसोलापूर_७
घरच्यांना हे वाचून दाखवते. चुना पानाच्या दुकानातला चालेल का?

वेशीवरचा
नाही, तो विरलेला असतो. बांधकामाच्या सामानाच्या दुकानात कळीचा चुना मागा, खडे असलेला. पाण्यात टाकला की उकळायला लागतो, तोंड लांब ठेवा आणि पोरांना जवळ येऊ देऊ नका.