फोनमध्येच स्कॅनर आला, आता माझ्या ॲपचं काय करू?

मुलुंडकर:
जून २०२० मध्ये कॅमस्कॅनर या कागद स्कॅन करायच्या चिनी ॲपवर भारतात बंदी आली, तेव्हा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी काका अडले. त्यांच्यासाठी नोकरी सांभाळून, रात्री जेवणं उरकल्यावर, मी अँड्रॉइडवर कागद स्कॅन करायचं ॲप लिहिलं. पुढे बऱ्याच सोसायट्या पावत्या आणि व्हाउचर त्यातच ठेवू लागल्या. वर्गणी वर्षाला १९९ रुपये. परवाच्या अपडेटनंतर फोनच्या कॅमेऱ्यातच स्कॅनर आला आणि निम्म्या लोकांनी वर्गणी भरली नाही. मला सगळ्यात लागलं ते असं, की त्यांचा स्कॅनर कॅमेरा उघडताच चालतो आणि माझ्या ॲपला आधी परवानगी मागावी लागते. बंद करू का?

दादरचा जुना मॅकवाला:
२००२ साली ॲपलने मॅकमध्ये इंटरनेटवर माहिती शोधायचं शेरलॉक ३ दिलं. ते कारेलिया या छोट्या कंपनीच्या वॉटसनशी इतकं मिळतंजुळतं होतं की तेव्हापासून छोट्याच्या ॲपची सोय मोठ्या कंपनीने स्वतःच देऊन टाकण्याला 'शेरलॉक होणं' म्हणतात. फोटोत कागदाच्या कडा ओळखायचा तुझा कोड आता काढून टाक. एमएल किट या, ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या गूगलच्या तयार कोडच्या संचामध्ये २०२४ पासून तयार स्कॅनर मिळतो आणि तो वापरणाऱ्या ॲपला कॅमेऱ्याची परवानगी मागावी लागत नाही.

ठाणे_अँड्रॉइड:
दादा, पण गूगलवाले दिलेलं काढूनही घेतात. ११ मे २०२२ पासून प्ले स्टोअरवरच्या ॲपना ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंगांसाठी फोनमध्ये दिलेल्या सोयीच्या) वाटेने कॉल रेकॉर्ड करायला मनाई झाली. ट्रूकॉलरलाही ती सोय काढावी लागली, गूगलच्या स्वतःच्या फोन ॲपमध्ये मात्र ती राहिली. हा अन्याय आहे. सोय फोनमध्ये आली याला माझी हरकत नाही, नियम दोघांना एकच हवा.

गोरेगावची खजिनदार:
साध्या कागदाला मी फोनचाच स्कॅनर वापरते, फुकट आहे आणि जाहिराती नाहीत. पण ऑडिटच्या वेळी रात्र रात्र जाते ती जुळवाजुळवीत. लिफ्टवाल्याचं बिल, त्याचं व्हाउचर, कमिटीचा ठराव हे तिन्ही एकत्र सापडत नाहीत. व्हाउचर नंबर टाकला की तिन्ही समोर आले, तर मी ५०० रुपयेही भरेन. फोन बनवणारे आमच्या सोसायटीसाठी हे करणार नाहीत.

मुलुंडकर:
कडा ओळखायचा कोड दहा महिने खपून लिहिला होता, काढायला जिवावर येतंय. तरी काढतो. ठाणेकर, तुमचं ऐकून स्कॅनरचा भाग वेगळा ठेवतो, उद्या बंद झाला तर दुसरा बसवता येईल. ताई, शनिवारी गोरेगावला येऊन तुमची व्हाउचरची फाइल बघितली तर चालेल का?