त्रिकोण स्क्रीनवर हलतो, पण ‘का’ मुलांपर्यंत कसं न्यायचं?

प्रश्न

मी नववीला भूमिती शिकवते. प्रोजेक्टर आल्यापासून जिओजेब्रा हे भूमितीचं सॉफ्टवेअर वापरते. त्रिकोणाचा एक शिरोबिंदू माउसने धरून ओढायचा. आकार वाट्टेल तसा बदलतो, कोनांची बेरीज मात्र १८० अंशच. पूर्वी तीन त्रिकोण काढून कोनमापकाने मोजेपर्यंत निम्मा तास जायचा, आता मिनिटभरात कितीतरी त्रिकोण दिसतात. मागचे बाकसुद्धा मान वर करून बघतात. हे मला मनापासून आवडतं.

पण परवा चाचणीत ‘बेरीज १८० अंशच का?’ असं विचारलं, तर निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ‘ओढून बघितलं, कायम तेवढीच येते.’ सिद्धता शिकवली होती, वहीत लिहूनही दिली होती. डोळ्यांना दिसलं की ‘का’ विचारायची गरजच वाटेनाशी होते का? स्क्रीन बंद करायची माझी इच्छा नाही. तुम्ही काय करता?

प्रतिसाद १

मी भौतिकशास्त्र शिकवतो, फेट वापरतो, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. (नोबेलविजेते कार्ल वाईमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प, फुकट आहे.) माझा एकच नियम: स्क्रीनवर काही हलण्याआधी प्रत्येकाने अंदाज आणि कारण वहीत लिहायचं. लंबकाचं वजन दुप्पट केलं तर दोलनकाल वाढेल, घटेल की तोच राहील? मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, हवं तर मत बदलायचं, आणि शेवटी बघायचं. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर १९९१ पासून व्याख्यानांत असंच आधी मत, मग चर्चा, मग पुन्हा मत घेत आले. अंदाज चुकलेलं मूल ‘का’ स्वतःहून विचारतं.

प्रतिसाद २

ताई, कोन एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवा आणि बेरीज मुलांनाच करू द्या. ४७.३४, ६१.४४ आणि ७१.२२ यांची बेरीज १८० आहे, पण स्क्रीनवर ४७.३, ६१.४, ७१.२ दिसतील. करा बेरीज!

प्रतिसाद ३

प्रत्येकाच्या हातात टॅब नाही म्हणून अडू नका. एक स्क्रीन आणि चाळीस वह्या पुरतात.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सर्वांचे आभार. आज आधी अंदाज आणि एकच दशांश स्थळ, दोन्ही करून बघितलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने बेरीज केली आणि उभी राहिली, ‘बाई, १७९.९ येतंय.’ वर्गात गलका. कुणी म्हणे कॉम्प्युटर चुकला, कुणी म्हणे आधी चुकून १८० येत होतं. मी आकडे राउंड होतात हे सांगितलं, तर तीच मुलगी म्हणाली, ‘मग नक्की १८०च आहे, हे मोजून कळणारच नाही!’

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायला मिळालं नव्हतं. तिथेच प्रोजेक्टर थांबवला. फळ्यावर वरच्या शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली, व्युत्क्रम कोन मुलांनीच ओळखले: तिन्ही कोन त्या सरळ रेषेवर शेजारी-शेजारी येतात, म्हणून बेरीज १८०. तीच आकृती पुन्हा जिओजेब्रात काढून शिरोबिंदू ओढला, तेव्हा एकाने विचारलं, ‘रेषा समांतरच राहते, म्हणून कितीही ओढला तरी चालतं ना?’

आता चौकोनाच्या कोनांचा अंदाज वहीत लिहून आणायला सांगितलाय, कारणासकट.