संमती कोणाची, कशी घेतलेली?

"निर्दोष असेल तर ब्रेन मॅपिंगला घाबरायचं कशाला" हे म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. गुन्ह्याच्या तपासातल्या या चाचणीत संशयिताच्या डोक्याला इलेक्ट्रोडवाली टोपी घालतात, माणूस नुसता गप्प बसतो, त्याला "मी जाळी कापली" अशी वाक्यं ऐकवतात आणि मेंदूच्या लहरींवरून म्हणे कळतं की हे त्याने स्वतः केलंय की फक्त ऐकलंय. आता आमच्या रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात कोणाची जाळी कापली गेली तर तासाभरात अख्ख्या बंदराला कुठे, कशी, कशाने ते सगळं तोंडपाठ होतं, मग ते चित्र प्रत्येकाच्याच डोक्यात बसणार ना? स्वतः केलेलं आणि ऐकून ऐकून डोळ्यांसमोर उभं राहिलेलं यातला फरक मशीन खात्रीने ओळखतं हे कुठे सिद्ध झालंय? तरी २००८ मध्ये पुण्यात खुनाच्या खटल्यात सेशन्स कोर्टाने असा रिपोर्ट पुराव्यात धरला होता.

२०१० च्या सेल्वी निकालात सुप्रीम कोर्टाने सक्तीची चाचणी घटनाबाह्य ठरवली, फार बरं झालं. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, वकील हवा, आणि एवढं करूनही रिपोर्ट हा थेट पुरावा नाही.

पण ट्रॉलरवरचा नेपाळहून आलेला खलाशी, मराठी जेमतेम, चौकशीला बसवून ठेवलेला, तो "हो" म्हणाला तर ती संमती धरायची? नाही म्हटलं तर संशय वाढेल ही भीती त्याला असतेच, कागदावर ती येत नाही. मॅजिस्ट्रेटने त्याला त्याच्याच भाषेत विचारायला हवं, दुभाषी बसवून, पोलिसांना बाहेर ठेवून.